गुरुत्वाकर्षणाला न जुमानण्याचे दोन दावे : एक प्रतिवाद

जबलपूर शहराच्या नावाशी गुरुत्वाकर्षणाविषयीचे दोन दावे जोडले गेले आहेत आणि दोहोंचा सूर एकच आहे. पहिला दावा मदनमहाल किल्ल्याच्या परिसरातील ‘बॅलन्सिंग रॉक’ या शिलेविषयीचा आहे. एका प्रचंड ग्रॅनाइट खडकावर दुसरा तितकाच प्रचंड खडक अगदी थोड्या जागेत टेकून उभा आहे, म्हणून ही शिला गुरुत्वाकर्षणाला आव्हान देते, असे पर्यटकांना वर्षानुवर्षे सांगितले जाते. दुसरा दावा महर्षी महेश योगी यांच्या परंपरेतून आलेला आहे. अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या आणि जबलपूरशी निकटचा संबंध असलेल्या महर्षींनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘टीएम-सिद्धी’ नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात ‘योगिक फ्लाइंग’, म्हणजे ध्यानाच्या बळावर शरीर जमिनीवरून उचलण्याची साधना, समाविष्ट होती. आणि पुढे या साधनेचे समर्थन अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या भाषेत होऊ लागले.

वरवर पाहता एक दावा निरुपद्रवी कौतुकाचा आणि दुसरा गंभीर तत्त्वज्ञानाचा वाटतो. परंतु गुरुत्वाकर्षण म्हणजे वस्तूंना खाली खेचणारी एक सत्ता असून एखादी विलक्षण वस्तू किंवा विलक्षण व्यक्ती तिच्यापुढे मान न तुकवता उभी राहू शकते, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. आधुनिक गुरुत्वसिद्धांत या समजुतीला कोठेही आधार देत नाही. शिलेच्या बाबतीत तो सांगतो, की तिला उभे ठेवण्यात गुरुत्वाचाच हात आहे; आणि उड्डाणाच्या बाबतीत तो असा काही हिशेब पुढे ठेवतो, की सिद्धांताचे नाव घेणाऱ्याला तो चुकता केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे दोन्ही मुद्दे क्रमाने सिद्ध करणे हा या लेखाचा हेतू आहे. ध्यानधारणेने मनाला शांतता लाभते की नाही, हा प्रश्न येथे विचारात घेतलेला नाही, कारण त्याचा गुरुत्वाकर्षणाशी संबंध नाही.

शिलेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. कोणत्याही घन वस्तूचे सारे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानून हिशेब करता येतो, त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. आणि या बिंदूतून सोडलेली उभी रेषा वस्तूच्या टेकणाच्या क्षेत्रातून जात असेल, तर ती वस्तू स्थिर राहते. टेकणाचे क्षेत्र लहान दिसते की मोठे, याने पाहणाऱ्याचे आश्चर्य कमीअधिक होते. स्थिरतेची अट मात्र बदलत नाही. मदनमहालच्या ग्रॅनाइटमध्ये भेगांवाटे पाणी झिरपून खडकाचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जाऊन गोलाकार गाभे मागे उरतात. भूशास्त्रात या क्रियेला गोलाभ अपक्षय म्हणतात. वरचा खडक कोणी आणून ठेवलेला नाही, तर तो जागच्या जागी सुटा झाला आहे. आणि ज्या गाभ्यांचा गुरुत्वमध्य टेकणाबाहेर गेला ते केव्हाच घरंगळून गेल्यामुळे आज जे उभे दिसतात ते तोल साधलेलेच असणार, यात नवल नाही.

शिलेच्या कौतुकात 22 मे 1997 च्या भूकंपाचा उल्लेख हमखास येतो. सुमारे 5.8 महत्तेच्या त्या भूकंपाने जबलपूर आणि आसपासच्या भागात जीवितहानी केली, असंख्य घरे पाडली किंवा खिळखिळी केली, आणि शिला मात्र जागची हलली नाही, हे खरे आहे. यातून तिच्या अंगी गुरुत्वाकर्षणावर मात करणारी काही शक्ती असल्याचा निष्कर्ष काढणे मात्र उलट्या दिशेचे आहे. टेकणाच्या कडेवरून खडक कलंडायचा असेल, तर जमिनीच्या आडव्या धक्क्याने त्याचा गुरुत्वमध्य त्या कडेच्या पलीकडे ढकलला गेला पाहिजे. आणि यासाठी लागणारे आडवे त्वरण, म्हणजे वेगातील बदलाचा दर, गुरुत्वीय त्वरणाच्या प्रमाणातच मोजले जाते. गुरुत्वाकर्षण जितके अधिक, तितका खडक कलंडवणे अवघड. ते जितके कमी, तितका किरकोळ धक्काही पुरेसा. म्हणजे 1997 मध्ये शिला वाचली ती गुरुत्वाकर्षणामुळेच. अमेरिकेतील भूकंपशास्त्रज्ञ जेम्स ब्रून यांनी 1990 च्या दशकात अशा तोललेल्या खडकांचा उपयोग भूतकाळातील भूकंपांचे साक्षीदार म्हणून करता येतो हे दाखवून दिले, कारण खडक अजून उभा आहे याचा अर्थ त्या जागी जमिनीचे त्वरण त्याच्या कलंडण्याच्या मर्यादेपलीकडे कधी गेले नाही. जबलपूरच्या शिलेचे खरे मोल अशा नोंदीत आहे, आणि चमत्काराची कथा नेमके तेच झाकून टाकते.

येथवरचे उत्तर न्यूटनच्या स्थितिशास्त्राने दिले. व्यापक सापेक्षता सिद्धांत त्याच्याही खाली जातो आणि शिलेविषयीचा प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडतो. न्यूटनच्या मांडणीत वस्तुमान दोन ठिकाणी येते: वस्तूला ढकलताना ती जो विरोध करते त्याचे माप म्हणून एकदा, आणि तिच्यावर गुरुत्वाकर्षण किती चालते त्याचे माप म्हणून दुसऱ्यांदा. ही दोन मापे एकच का असावीत याचे कारण न्यूटनच्या सिद्धांतात सापडत नाही. ती एक आहेत एवढेच निरीक्षण आहे, आणि म्हणून हलकी-जड सर्व वस्तू हवेचा अडथळा नसताना सारख्याच त्वरणाने पडतात. 1971 मध्ये अपोलो 15 च्या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडून हेच दाखवले, आणि ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहाच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी ही समानता सुमारे एक हजार लाख कोटी भागांत एका भागाच्या अचूकतेपर्यंत तपासली. आइन्स्टाइन यांनी 1907 मध्ये या समानतेचा अर्थ असा लावला, की मुक्तपणे पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नाही, आणि बंद खोलीत बसलेल्या माणसाला आपण पृथ्वीवर स्थिर आहोत की अवकाशात वरच्या दिशेने त्वरित होत आहोत, हे खोलीतील कोणत्याही प्रयोगाने ठरवता येत नाही. यालाच समतुल्यता तत्त्व म्हणतात.

या तत्त्वाचा परिणाम विलक्षण आहे. पडणारी वस्तू बलाच्या अधीन आणि टेकलेली वस्तू विश्रांतीत, ही रोजच्या व्यवहारातील समजूत त्यामुळे नेमकी उलटी होते. पडणाऱ्या वस्तूवर बसवलेला त्वरणमापक शून्य दाखवतो. टेबलावर ठेवलेला त्वरणमापक मात्र सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंद इतके वरच्या दिशेचे त्वरण दाखवतो, कारण टेबल त्याला सतत वर ढकलत असते. अवकाश आणि काळ मिळून जी एक चतुर्मित रचना होते तिला अवकाश-काल म्हणतात. या रचनेत कोणत्याही बाह्य ढकलीशिवाय वस्तू जो मार्ग धरते त्याला जिओडेसिक, म्हणजे त्या वक्र रचनेतील शक्य तितका सरळ मार्ग, असे नाव आहे. विषुववृत्तावरून दोन जहाजे एकमेकांना समांतर उत्तरेकडे निघाली आणि दोघांनीही सुकाणू जरासुद्धा वळवले नाही, तरी ध्रुवाकडे जाताना त्यांच्यातील अंतर घटत जाते. त्यांना जवळ आणणारे कोणतेही बल नसते, पृष्ठभागाची वक्रता असते. गुरुत्वाकर्षण हे याच जातीचे आहे. पडणारे फळ आपल्या जिओडेसिकवरून चालत असते, आणि मदनमहालची शिला मात्र, खालच्या खडकाच्या सततच्या ढकलीमुळे, आपल्या जिओडेसिकवरून क्षणोक्षणी बाजूला सारली जात असते. ही ढकल खडकातील अणूंच्या विद्युत्-चुंबकीय प्रतिकारातून येते आणि तीच ढकल प्रत्येक घर, प्रत्येक झाड आणि प्रत्येक उभा माणूस अनुभवत असतो. शिला गुरुत्वाकर्षणाला आव्हान देत असेल, तर जमिनीवर पडलेला प्रत्येक गोटाही ते देतो.

पहिला दावा एवढ्याने निकालात निघतो. दुसरा दावा अधिक चतुर आहे, म्हणून त्याचा पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात आकाशगमनाचा उल्लेख आहे, हा त्याचा शास्त्राधार. या साधनेच्या तीन पायऱ्या सांगितल्या जातात: प्रथम मांडी घालून बसलेल्या स्थितीतील उड्या, नंतर तरंगणे, आणि शेवटी मुक्त उड्डाण. सैद्धांतिक आधार देण्याचे काम प्रामुख्याने जॉन हेगलिन यांनी केले. हार्वर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या आणि मूलकणांच्या एकात्म सिद्धांतांवर मान्यताप्राप्त संशोधन केलेल्या हेगलिन यांनी 1987 मध्ये अशी भूमिका मांडली, की भौतिकशास्त्र ज्या एकात्म क्षेत्राच्या शोधात आहे ते आणि ध्यानात अनुभवाला येणारी शुद्ध चेतना ही दोन्ही एकच आहेत. या मांडणीचे समर्थक मग पुढील साखळी जोडतात: आइन्स्टाइन यांच्या मते गुरुत्वाकर्षण हे बल नसून अवकाश-कालाची वक्रता आहे, ही वक्रता सर्वांत खोल पातळीवर एकात्म क्षेत्रातून उपजते, साधक त्या क्षेत्राशी एकरूप होतो, म्हणून आपल्याभोवतीची वक्रता बदलून तो वर उचलला जाऊ शकतो.

या साखळीचा पहिला दुवा बरोबर आहे, आणि म्हणूनच पुढचे दुवे ऐकणाऱ्याला खपून जातात. परंतु आइन्स्टाइन यांनी वक्रतेची कल्पना नुसती सुचवून सोडली नाही. 25 नोव्हेंबर 1915 रोजी बर्लिनच्या प्रशियन विज्ञान अकादमीसमोर त्यांनी तिचे समीकरण ठेवले. त्या समीकरणाच्या डाव्या बाजूला अवकाश-कालाची वक्रता आहे आणि उजव्या बाजूला त्या ठिकाणचे वस्तुमान, ऊर्जा, संवेग आणि दाब यांचा एकत्रित हिशेब आहे. उजवी बाजू बदलल्याशिवाय डावी बाजू मनाजोगी बदलता येत नाही. शिवाय डाव्या बाजूची गणिती रचनाच अशी आहे, की तिच्यातून उजव्या बाजूच्या ऊर्जेची आणि संवेगाची स्थानिक अक्षय्यता, म्हणजे ती शून्यातून उपजत नाहीत आणि शून्यात विरत नाहीत हा नियम, आपोआप निघतो. साधकाच्या भोवतीची वक्रता बदलली असे म्हणणाऱ्याने, तिला बदलणारी ऊर्जा कोठून आली आणि कोठे ठेवली, हे सांगणे भाग आहे. ते न सांगता वक्रतेचे नाव घेणे म्हणजे समीकरणाचे अर्धे पान फाडून उरलेले अर्धे प्रमाणपत्र म्हणून दाखवणे होय.

हिशेब अवघडही नाही. समीकरणात दोन्ही बाजूंना जोडणारा स्थिरांक इतका लहान आहे, की प्रचलित एककांत तो लिहायचा तर दशांशचिन्हापुढे 42 शून्ये मांडून मग 2 लिहावे लागतात; अवकाश-काल वाकवणे किती कठीण आहे याचे हे माप. सुमारे 6 वर 24 शून्ये इतक्या किलोग्रॅमची संपूर्ण पृथ्वी आपल्या पृष्ठभागावरील घड्याळांना, अतिदूरच्या घड्याळांच्या तुलनेत, एक हजार कोटी भागांत फक्त सात भागांनी मंद करते. आता एका माणसाला तरंगत ठेवण्यापुरते पृथ्वीचे गुरुत्व रद्द करायचे असेल, तर त्याच्या वर एक मीटर अंतरावर किती वस्तुमान लागेल? अशा क्षीण गुरुत्वात आइन्स्टाइन यांचे समीकरण न्यूटनच्या नियमाशी जुळते, आणि उत्तर येते सुमारे 15 कोटी टन. हेच वस्तुमान ऊर्जेच्या रूपात मोजले, तर सूर्य चहूदिशांना मिळून सुमारे 35 सेकंदांत जितकी ऊर्जा बाहेर टाकतो तितकी ती भरते. माणसाचा मेंदू सुमारे 20 वॅट शक्तीवर चालतो. या दोन आकड्यांमधील दरी साधनेच्या दीर्घ अभ्यासाने भरून निघेल असे मानणे हा श्रद्धेचा विषय असू शकेल. त्याला व्यापक सापेक्षता सिद्धांताचा पाठिंबा आहे असे म्हणता येणार नाही.

वक्रतेची आणखी एक अडचण आहे, आणि ती टाळता येण्यासारखी नाही. गुरुत्व वस्तू-वस्तूंत आणि व्यक्ती-व्यक्तींत भेद करत नाही. समतुल्यता तत्त्वाचा अर्थच तो आहे. साधकाभोवतीचा अवकाश-काल बदलला, तर त्याच्या शेजारचा साधक, समोरची समई, हवेतील धूळ आणि दालनातील प्रत्येक घड्याळ यांनाही तो बदल जाणवला पाहिजे. वरील उदाहरणातील स्रोत दहा मीटर अंतरावर टांगलेल्या गवंड्याच्या ओळंब्याला अर्ध्या अंशाहून अधिक तिरपा करील. ओळंब्याचा कल मोजण्याची विद्या भारताला नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात, आजच्या मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेकडील कालियाना या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचे अंतर दोन पद्धतींनी काढले असता सुमारे सव्वापाच सेकंदांचा फरक आला. अंशाच्या 3600 व्या भागाला येथे सेकंद म्हणतात. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी या फरकाचा संबंध हिमालयाच्या ओढीने ओळंबे कलण्याशी जोडला, ती ओढ हिशेबाने प्रत्यक्षातील फरकाच्या जवळजवळ तिप्पट यायला हवी असे दाखवले, आणि त्या तफावतीतून पर्वतांच्या खाली हलक्या द्रव्याची मुळे असतात हे ज्ञान 1855 मध्ये जन्माला आले. पितळी दुर्बिणी आणि साध्या ओळंब्यांच्या जोरावर त्या काळच्या सर्वेक्षकांनी जो कल पकडला, त्याच्या जवळजवळ चारशे पट कल उड्डाणाच्या दालनात पडायला हवा, आणि तो पडल्याची एकही नोंद नाही.

येथे समर्थक क्वांटम गुरुत्वाकडे वळतात: व्यापक सापेक्षता आणि सूक्ष्म कणांचे क्वांटम नियम यांचा मेळ घालणारा अंतिम सिद्धांत अजून हाती आलेला नाही, तेव्हा त्या पातळीवर काहीही शक्य आहे, असा हा युक्तिवाद असतो. मेळ अजून पूर्ण झालेला नाही, हे मान्य. पण ज्या लांबीच्या पातळीवर क्वांटम गुरुत्वाचे परिणाम ठळक होतील अशी अपेक्षा आहे ती प्लांक-लांबी मीटरच्या दशांशस्थानात 34 शून्यांनंतर सुरू होते, आणि तेथे पोहोचायला लागणारी प्रतिकण ऊर्जा जिनिव्हाजवळील सर्वांत बलाढ्य कणत्वरकाच्या ऊर्जेहून सुमारे दहा लाख अब्ज पट आहे. त्या पातळीवर काय घडते याचे अज्ञान 70 किलोग्रॅम वजनाच्या देहाविषयी परवाना देत नाही, कारण कोणताही नवा सिद्धांत मोठ्या वस्तूंच्या बाबतीत तपासून सिद्ध झालेले निष्कर्ष जसेच्या तसे परत देऊ शकला, तरच तो स्वीकारला जातो. शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर यांनी 1986 मध्ये आइन्स्टाइन यांच्या समीकरणांना नव्या चलराशींत मांडले आणि त्यातून ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ ही संशोधनाची मोठी शाखा उभी राहिली. या शाखेत महास्फोटाच्या क्षणाचे आणि कृष्णविवरांच्या अंतर्भागाचे प्रश्न हाताळले जातात; आणि तेथेही आपले गणित मोठ्या अंतरांवर आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताशी जुळते हे दाखवण्याची जबाबदारी संशोधकांना स्वतःच्या शिरावर घ्यावी लागते. अज्ञाताच्या नावाने सूट मागण्याची मुभा तेथे कोणालाही नाही.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळावे. 1986 मध्ये वॉशिंग्टन येथे पत्रकारांसमोर योगिक फ्लाइंगचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि त्यात दिसल्या त्या गाद्यांवर मांडी घालून मारलेल्या उड्या होत्या. तीन पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी लोकांसमोर आली आणि दुसरी आजतागायत आलेली नाही. या उड्यांविषयी व्यापक सापेक्षता सिद्धांताला काही सांगायचे आहे, आणि ते समर्थकांच्या उपयोगाचे नाही. गादी सोडल्यापासून परत टेकेपर्यंत साधकाचा देह मुक्त पतनात असतो; म्हणजे ज्या क्षणी तो हवेत आहे, नेमक्या त्याच क्षणी तो गुरुत्वाकर्षणाच्या सर्वाधिक अधीन असून आपल्या जिओडेसिकवरून निमूटपणे चाललेला असतो. त्या वेळी जाणवणारा हलकेपणा खरा आहे, परंतु तो विहिरीत उडी मारणाऱ्या मुलालाही तितकाच जाणवतो.

म्हणूनच दाव्याची कसोटी सोपी आणि स्वस्त आहे. उडीची उंची आणि हवेतील वेळ यांचे नाते गुरुत्वीय त्वरणाने बांधलेले आहे: 20 सेंटिमीटर उंचीची उडी हवेत सुमारे 0.4 सेकंद टिकते आणि 30 सेंटिमीटरची सुमारे अर्धा सेकंद. सेकंदाला 240 चित्रे टिपणारा साधा मोबाइल हे मोजू शकतो. साधक या हिशेबाहून लक्षणीय अधिक काळ हवेत राहिला, तर ते दखल घेण्याजोगे आहे. नाहीतर ती उडी आहे आणि तिला उडीच म्हटले पाहिजे. तरंगण्याच्या दाव्यासाठी त्वरणमापक पुरेसा आहे. साधकाच्या अंगावर बांधलेला त्वरणमापक, त्याला जमिनीचा, दोरीचा किंवा हवेच्या झोताचा आधार नसताना, 9.8 दाखवत राहिला, तर एका अज्ञात बलाचा शोध लागला असे होईल; आणि तो शून्य दाखवूनही साधक जागच्या जागी स्थिर राहिला, तर वक्रता बदलल्याचा पुरावा मिळेल. दोहोंपैकी काहीही घडले, तर जगातील प्रत्येक भौतिकशास्त्रज्ञ ते दालन पाहायला येईल. दावा सिद्ध करण्याचा मार्ग इतका मोकळा असताना समर्थकांनी तो दशकानुदशके टाळला आहे, आणि या टाळण्याला पुराव्याच्या शास्त्रात अर्थ असतो.

आणखी एक आक्षेप उरतो आणि तो सुशिक्षितांच्या तोंडी वारंवार येतो: न्यूटन खोटे ठरले, उद्या आइन्स्टाइनही खोटे ठरतील, मग आजच्या सिद्धांताच्या बळावर एखादी गोष्ट अशक्य कशी म्हणावी? या आक्षेपात इतिहासाचे चुकीचे वाचन आहे. न्यूटनच्या नियमांनी बुध ग्रहाच्या कक्षेचा सूर्यसमीप बिंदू शतकाला किती सरकावा याचा जो हिशेब दिला, त्यात अवघ्या 43 सेकंदांची, म्हणजे अंशाच्या सुमारे ऐंशीव्या भागाची, तूट राहिली. 1859 मध्ये खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी ती प्रथम उघड केली आणि 1915 मध्ये आइन्स्टाइन यांनी ती भरून काढली. नव्या सिद्धांताने जुन्याची चूक इतक्या बारीक जागी दुरुस्त केली आणि उरलेला सारा हिशेब जसाच्या तसा ठेवला. म्हणूनच नर्मदेवरच्या बरगी धरणासारख्या धरणांचा आराखडा आजही न्यूटनच्याच नियमांनी होतो. भविष्यातील सिद्धांत आइन्स्टाइन यांनाही असाच कोठेतरी बारीक जागी दुरुस्त करील. आधार काढून घेतलेला दगड तेव्हाही पडेलच.

शिवाय हा सिद्धांत स्वतः कसोट्यांना सामोरा जाऊनच उभा राहिला आहे. 29 मे 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना सिद्धांताने सांगितल्याप्रमाणे, सुमारे 1.75 सेकंद, वळतो का हे पाहण्यासाठी दोन मोहिमा आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि ब्राझीलमधील सोब्राल येथे गेल्या. उत्तर नकारार्थी आले असते, तर सिद्धांत तेथेच संपला असता. उपग्रहांवरील जीपीएस घड्याळे कमी गुरुत्वामुळे जलद आणि वेगामुळे मंद चालतात आणि एकंदरीने दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर अंतराच्या मोजणीत रोज सुमारे 11 किलोमीटरची चूक साचेल. समुद्रसपाटीपासून सुमारे 410 मीटर उंचीवरील जबलपूरचे आदर्श घड्याळ मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील तशाच घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे 1.4 मायक्रोसेकंद पुढे जाईल, आणि आजची आण्विक घड्याळे हा फरक सहज ओळखतात. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील लायगो शोधकांनी सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना उठलेल्या गुरुत्वीय लहरी पकडल्या. त्या घटनेत सूर्याच्या तिप्पट वस्तुमानाइतकी ऊर्जा लहरींच्या रूपात बाहेर पडली, आणि तरीही पृथ्वीवर पोहोचेपर्यंत शोधकाच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत तिने घडवलेला बदल अणुकेंद्रातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. वक्रता बदलण्याची खरी किंमत काय असते, ती येथे कळते. असाच शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली आहे. मराठवाड्याच्या मातीत उभे राहणारे हे यंत्र अवकाश-कालाची थरथर मोजेल.

प्राचीन परंपरेचा आधार घेणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख केला, हे निर्विवाद आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु भास्कराचार्यांची थोरवी त्या एका उल्लेखात नसून, ग्रहांची स्थिती गणिताने काढून ती आकाशाशी ताडून पाहण्याच्या शिस्तीत आहे. त्यांच्या नावाचा जयघोष करून गणित आणि निरीक्षण दोन्ही टाळणारा माणूस त्यांचा वारस ठरत नाही. विभूतिपादातील उल्लेखाला भौतिकशास्त्रातील पुरावा म्हणायचे असेल, तर त्यालाही हीच शिस्त लागू होते.

या शिस्तीचे अलीकडचे उदाहरण पुण्यात घडले. गुरुत्वसिद्धांतावर आयुष्यभर काम केलेल्या जयंत नारळीकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील कार्यकर्ते आणि संख्याशास्त्रज्ञ यांच्या साहाय्याने 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. अटी आधी जाहीर करण्यात आल्या. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून, कोणती कोणत्या गटातली हे ओळखण्यासाठी, प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका देण्यात आल्या. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि अचूकतेचे प्रमाण 46 टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून मिळणाऱ्या निकालाइतपतच. त्या चाचणीत कोणाचा उपमर्द नव्हता. दाव्याला स्वतःला सिद्ध करण्याची संधी होती. योगिक फ्लाइंगच्या समर्थकांनाही हीच संधी उपलब्ध आहे, आणि जबलपूरमधील शासकीय विज्ञान महाविद्यालय किंवा राणी दुर्गावती विद्यापीठ यांच्या भौतिकशास्त्र विभागांकडे तिच्यासाठी लागणारी उपकरणे असणे फारसे कठीण नाही.

तेव्हा मागणी दोन गोष्टींची आहे. शिलेविषयी पर्यटकांना माहिती देणाऱ्यांनी चमत्काराची भाषा सोडून गुरुत्वमध्याची, ग्रॅनाइटच्या अपक्षयाची आणि 1997 च्या भूकंपाची खरी गोष्ट सांगावी. ती अधिक रंजक आहे आणि शाळकरी मुलांना तिच्यातून काही शिकता येईल. उड्डाणाच्या समर्थकांनी आइन्स्टाइन यांचे नाव घ्यायचे असेल, तर त्यांच्या समीकरणाची उजवी बाजूही मांडावी, किंवा त्वरणमापकाचा आलेख लोकांसमोर ठेवावा. यांपैकी काहीच करायचे नसेल, तर दाव्याला श्रद्धा म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे, विज्ञान म्हणण्याचा नाही.